आप्पांची उधारीची वही

किराणा दुकानदाराला गावातली कुठली गोष्ट सगळ्यांच्या आधी कळत असेल तर कुणाच्या घरात ओढाताण सुरू झालीय ती. बँकेला लय उशिरा कळतं, पाहुण्यारावळ्यांना कधीकधी कळतच नाही, पण महिन्याला पाच किलो साखर नेणारं घर अडीचवर आलं, करडईच्या तेलाचा डबा बंद होऊन पोरगं हातात बाटली घेऊन पावशेर तेलाला यायला लागलं की काउंटरपलीकडच्या माणसाला समजायचं ते समजतं. समजल्यावर त्यानं काय करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बार्शीत जवळजवळ साठ वर्षं किराणा-भुसारचं दुकान चालवलं आणि असं काही समजल्यावर ते गप्प बसलेत असं मी तरी कधी पाहिलं नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. घरातली नवी पोरं त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोतले म्हातारबाबा म्हणून ओळखणार, म्हणून मला जे माहीत आहे ते लिहून ठेवतेय.

माझं माहेर कराडचं, घरात सगळे नोकरदार, एक तारखेला पगार आणि महिन्याचा बाजार रोखीनं, त्यामुळे उधारी म्हणजे काहीतरी कमीपणाचं असंच डोक्यात बसलेलं. १९९८ ला लग्न होऊन बार्शीला आले. बी.कॉम. झालेली होते, तर आप्पा थोड्याच दिवसात म्हणाले, "पोरी, दुपारचं घरात बसून काय करतीस, दुकानात येऊन जरा कीर्द बघत जा की." सासरा सुनेला दुकानात बोलावतोय हे आमच्या बोळात तेव्हा नवीनच होतं, आईंना (सासूबाईंना) बायका येता-जाता विचारायच्या, सून गल्ल्यावर बसती म्हणं? आप्पांनी एकदाच उत्तर दिलं, शिकलेली हाय ती, त्या शिक्षणाचं काय लोणचं घालायचंय का. तो विषय तिथंच संपला आणि मी त्या दुकानात जी बसले ती अजून बसतेच आहे.

बार्शी माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, जिल्हा सोलापूर पण गाव अगदी मराठवाड्याच्या उंबऱ्यावर. आधी ब्रिटिश मुलुखात, आणि काही मैलांवर निजामाची हद्द सुरू. म्हणून तर इथं पेठ वाढली, तिकडची तूर, ज्वारी, करडई इकडं यायची आणि इकडून कापड, मीठ, गूळ तिकडं जायचा. १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळाची बार्शी लाईट सुरू झाली, १९११ ला ती लातूरला पोचली आणि मग तर व्यापाराचा रस्ताच पक्का झाला. आता २००८ पासून तिथं मोठी लाईन आहे. पण आप्पांच्या तोंडी "लायटीनं माल आला" हेच शब्द शेवटपर्यंत होते, मग माल ट्रकनं का आलेला असेना.

आप्पांचे वडील मूळचे धाराशिवकडचे, तेव्हाचं उस्मानाबाद. तिकडं एका खेड्यात त्यांचं लहानसं दुकान होतं. १९४८ ला रझाकारांचा त्रास वाढला तेव्हा हद्दीच्या पलीकडची कितीतरी कुटुंबं बार्शी भागात आली, त्यात हे पण. बैलगाडीत दोन पेट्या, आजेसासूबाई, तीन लेकरं आणि तागडी. दुकानातला सगळा माल मागं टाकून तागडी तेवढी का आणली हे त्यांनी कधी सांगितलं नाही म्हणे. बार्शीतल्या एका भुसार व्यापाऱ्यानं त्यांना आपल्या दुकानापुढच्या ओट्यावर बसायला जागा दिली आणि चार पोती ज्वारी उधार दिली, ओळख ना पाळख, कागद नाही, जामीन नाही. विकली की दे, एवढंच बोलणं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, मग बरीच माणसं आपापल्या गावी परत गेली. आमचे आजेसासरे नाही गेले. त्या चार पोत्यांचे पैसे फिटेपर्यंत हलणार नाही म्हणाले, आणि फिटेपर्यंत इथंच मुळं धरली.

आप्पा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. मला वाटतं त्यांचा सगळा धंदा त्या चार पोत्यांतून निघालेला आहे. उधारी बुडते, उधारीनं दुकान बसतं, "आज रोख उद्या उधार" अशा पाट्या पेठेत जागोजागी होत्या, आमच्या दुकानात ती पाटी कधी लागली नाही. ते म्हणायचे, आपलं बूडच उधारीवर टेकलंय, ती पाटी लावायला तोंड कुठाय आपल्याला.

१९६१ च्या सुमाराला आजेसासऱ्यांनी दुकान आप्पांच्या हातात दिलं. तेव्हा शेर जाऊन किलो येत होता आणि म्हाताऱ्या बायका नवीन वजनाला बिचकायच्या, दुकानदार फसवतोय म्हणायच्या. आप्पा एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवून दाखवायचे की बघा मावशी, किलोच जड आहे, तुमचं नुकसान नाही. हे काम त्यांनी किती महिने केलं असेल कुणास ठाऊक. गिऱ्हाईकाला समजेपर्यंत सांगायचं ही सवय त्यांची तेव्हापासूनची.

त्यांची पुडी बांधायची पद्धत मला अजून डोळ्यासमोर दिसते. रद्दीचा कागद डाव्या हाताच्या बोटांवर फिरवून त्याचा द्रोण करायचा, खालचं टोक मुडपायचं, त्यात धणे नाहीतर हळद ओतायची, पुडी दोनदा काउंटरवर आपटून माल खाली बसवायचा आणि वरच्या कडा आत घालायच्या. मग वर आढ्याला टांगलेल्या रिळातून दोरा ओढून उभा एक, आडवा एक वेढा, आणि दोरा बोटाला गुंडाळून झटक्यात तोडायचा, कात्री नाही काही नाही. बोलणं गिऱ्हाईकाशी चालू, नजर रस्त्यावर, हात आपले पुडी बांधतायत. आणि बांधायच्या आधी एक चिमूट वरून टाकायची. तागडी बरोबर झाल्यावर पण टाकायची. मी हिशोबाच्या डोक्यानं विचारलं होतं की आप्पा, वर्षाला ह्याचे किती होत असतील. तर म्हणाले, मोजू नकोस.

आता वहीबद्दल.

लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही असायची, उभी उघडणारी. पहिल्या पानावर श्री, खाली कुलस्वामिनीचं नाव, शुभ लाभ. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांनी तिची पूजा व्हायची आणि पाडव्याला नवीन वही सुरू. कायद्यानं १९८९ पासून सगळ्यांचंच हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं, इन्कम टॅक्सची वही तशी होतीच, पण उधारीची वही आप्पांनी पाडव्यालाच ठेवली. पाडव्याच्या आधी आठ दिवस ते रात्री जेवण झालं की माडीवर जुनी वही घेऊन बसायचे आणि एकेका खात्याची बाकी नव्या वहीत ओढायचे. हे काम त्यांनी कधी मुलाला दिलं नाही, मला पण नाही.

कारण कळायला मला बरीच वर्षं गेली. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आम्ही सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, टॅली टाकलं आणि मी जुन्या वह्या काढून बसले. एका वर्षाच्या वहीत शेवटी बाकी दिसतीय, पुढच्या वर्षाच्या वहीत ते नावच नाही. आधी वाटलं पैसे आले असतील, तर जमेला कुठंच नोंद नाही. असं एक नाव, दोन नावं, दर वर्षी काही ना काही. मग माझ्या लक्षात यायला लागलं. ज्या शिंप्याचा हात मशीनमध्ये गेला त्याचं नाव त्याच वर्षी नव्या वहीत नाही. एका बाईचा नवरा त्या वर्षी गेला, तिचं नाव नाही. पोरीचं लग्न काढून कर्जात रुतलेल्या एका हमालाचं नाव नाही. आप्पांनी कुणाला "माफ केलं" असं सांगितलं नव्हतं, त्या माणसांना सुद्धा नाही, फक्त पाडव्याच्या आदल्या रात्री नाव पुढं ओढलं नव्हतं. त्यांना विचारलं तर चष्मा काढून म्हणाले, "राहून गेलं आसंल, माझं पण वय झालं की." हे उत्तर १९७४ च्या वहीला पण लावायचं का मी, तेव्हा ते पस्तिशीचे होते!

पण म्हणून ते भोळे होते असं कुणी समजू नये. पैसे असून चालढकल करणाऱ्याची बाकी ते रुपयासकट ओढायचे आणि भर बाजारात मागायचे. दोन-तीन मोठ्या घरांशी त्यांचं ह्यावरून कायमचं वाकडं आलं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. हॉटेलवाल्यांना, बागाईतदारांना सवलत नाही. त्यांची कीव फक्त अडलेल्यासाठी होती आणि अडलेला कोण हे त्यांना वहीवरून बिनचूक कळायचं, ते कुणी येऊन रडगाणं गायची वाट बघायचे नाहीत.

एक प्रसंग माझ्यासमोरचा आहे. एक गवंडी रोज संध्याकाळी कामावरून येताना तंबाखूची पुडी न्यायचा, दुकान तेव्हा तंबाखूपण ठेवायचं. त्याच्या घरची यादी ठरलेली, लाल मिरची, लसूण, शेंगदाणे, बेसन, तिखट खाणारं घर. एका महिन्यात मिरची अर्धी झाली, पुढच्या महिन्यात आलीच नाही, आणि रवा, साबुदाणा, शेवया, ग्लुकोजची बिस्किटं असलं काहीतरी यायला लागलं. आप्पांनी त्याच्या बायकोला विचारलं, घरात कोण बाळंतीण हाय का गं? ती म्हणाली, न्हाई ओ, ह्यास्नीच तिखट सोसंना झालंय, तोंड पोळतंय म्हणत्यात, भाकरी पण चावंना. आप्पा पुडी बांधता बांधता थांबले. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं, त्याच्या घरी गेले, बॅटरी मारून तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्याला घेऊन नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला गेले. बार्शीचं भाग्य की हे हॉस्पिटल गावात आहे, इथं १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंदणी चालते, ग्रामीण भागातली देशातली पहिली. आप्पांना त्या नोंदणीबद्दल काही माहिती नव्हती, पण गालाच्या आत पांढरा चट्टा असला तर तिथं न्यायचं हे माहीत होतं. ऑपरेशन झालं, जबड्याचा भाग काढावा लागला, पण माणूस जगला, पोरांची लग्नं केली त्यानं.

हॉस्पिटलमधून आल्यावर आप्पांनी तंबाखूचा कप्पा रिकामा केला. एका दिवसात. शिल्लक माल परत घ्यायला होलसेलवाला तयार नव्हता तर तो पोत्यात भरून नगरपालिकेच्या गाडीत घातला. माझे मिस्टर तेव्हा चिडले होते आणि धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं चूक नव्हतं, कारण तंबाखूला आलेला माणूस चहा-साखर पण घेऊन जातो, तंबाखू नसली की तो पाचशे फुटांवरच्या दुसऱ्या दुकानात जातो आणि तिकडचाच होतो. तसं झालं पण. संध्याकाळचा गल्ला चांगलाच खाली आला आणि परत कधी पहिल्यासारखा झाला नाही. आप्पा म्हणाले, मी बायकोला रवा विकायचा आन नवऱ्याला तंबाखू, हे आता जमायचं नाही. मी त्यांना ह्यात शंभर टक्के बरोबर मानते, तेव्हाही मानत होते.

बहात्तरच्या दुष्काळाचं मी आईंकडून ऐकलंय. रेशनवर लाल मिलो, म्हणजे हलक्या प्रतीची ज्वारी, मिळायचा, दुष्काळी कामावर सुकडी, आणि आमच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, ज्वारी होती. बाहेरचा एक व्यापारी सगळी एकगठ्ठा घ्यायला आला होता, भाव असा की दुकानाची माडी बांधून झाली असती. आप्पांनी दिली नाही. खडी फोडायला जाणाऱ्यांचा पगार हप्त्याला मिळायचा पण मस्टरवर अडकला की दोन-दोन हप्ते पत्ता नाही, त्या मधल्या दिवसांत ही माणसं काय खाणार, तर आप्पा त्यांना पायली, दोन पायली उधार देत राहिले आणि जुन्या भावानं. आई म्हणतात, आमच्या स्वतःच्या घरात तेव्हा एक वेळ मिलोच्या भाकरी होत होत्या. ज्वारी खाली पेवात आणि ताटात मिलो. त्या भाकरीला चव नाही, थापायला गेलं की चिरफळते, हे सांगताना आईंचा चेहरा अजून तसा होतो.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. बार्शीत पण भांडी पडली, सगळे रस्त्यावर. दिवसभरात काय झालंय ते कळत गेलं, पुढं आकडा दहा हजारांच्या जवळ गेला. व्यापाऱ्यांनी दोन दिवसात गाड्या भरल्या. मिस्टर तेव्हा विशीच्या आतले, ते आप्पांबरोबर गेले होते. ते सांगतात, बाकी सगळे पीठ, बिस्किटं, कपडे भरत होते आणि आप्पांनी टेम्पोत भरले तवे, पराती, उलथनी, मीठ, तिखट, काड्यापेट्या, मेणबत्त्या, चहापत्ती, सुतळीचे बंडल आणि ताडपत्र्या. लोकांना कळेना. आप्पा म्हणाले, पीठ सगळेच नेणार, परात कोण नेणार? तिकडची घरं दगडमातीची, वर माळवद म्हणजे मातीचं जाड छत, सगळं स्वयंपाकघर मातीच्या आत गेलेलं. औसा, लामजना करत पुढं गेले तर खरंच रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले, कुणी हात लावत नव्हतं, आणि बायका पीठ घेऊन बसलेल्या, मळायला भांडं नाही. पराती अर्ध्या तासात संपल्या. आप्पा परत फिरले, बार्शीतल्या भांड्यांच्या दुकानातून अजून उधारीवर उचलल्या आणि परत गेले. ते पैसे फेडायला पुढचं वर्ष लागलं, ती बाकी मात्र त्यांनी व्यवस्थित फेडली, पै न् पै, वहीत आहे.

आल्यावर त्यांनी आमच्या मागच्या खोलीचं माळवद उतरवून पत्रा टाकला. तेव्हा ह्या भागात खूप जणांनी उतरवली.

घराबद्दल लिहिताना मला जरा जड जातं, पण खरं ते लिहायला हवं. आप्पांनी गावाचं केलं तसं घराचं पण केलं. नवरा गेल्यावर त्यांची बहीण, आमच्या आत्या, दोन लेकरं घेऊन परत आल्या, तर आप्पांनी त्यांना घरात आश्रित म्हणून नाही ठेवलं, दुकानाच्या मसाल्याचं काम त्यांच्या नावावर केलं, काळा मसाला, येसूर, शेंगाचटणी, त्याचा नफा आत्यांच्या खात्यात, त्यातूनच त्यांची पोरं शिकली. वाटणी झाली तेव्हा मेन रोडचा गाळा धाकट्या भावाला दिला आणि स्वतः आतल्या बोळातलं जुनं दुकान ठेवलं, का तर भावाला धंद्याची तेवढी जाण नाही, त्याला चालती जागा पाहिजे. पण माझ्या मिस्टरांना इंजिनिअरिंगला जायचं होतं, मार्क होते, आणि त्याच वर्षी किल्लारीचं ते देणं होतं आणि आप्पांची पाठ धरलेली. मिस्टर दुकानात बसले. आप्पांनी बस म्हटलं नव्हतं, पण जा पण म्हटलं नाही. ह्या एका गोष्टीवर बापलेक पंधरा-वीस वर्षं नीट बोलले नाहीत. मला विचाराल तर मिस्टरांचं दुःख खरं आहे आणि ते कुठल्याही परातींनी भरून निघत नाही. आमच्या मुलीला इंजिनिअरिंगला पुण्याला घातलं तेव्हा पहिल्या वर्षाची फी आप्पांनी स्वतःच्या एफडी मोडून भरली आणि ते चलन तिच्या हातात न देता मिस्टरांच्या हातात दिलं. दोघं काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून संध्याकाळी दुकानात दोघांचा चहा एकत्र व्हायला लागला.

आणि आई. आषाढीला मराठवाड्यातल्या दिंड्या बार्शीवरून पंढरपूरला जातात, आणि एकादशी करून कितीतरी वारकरी द्वादशी सोडायला भगवंताच्या दर्शनाला बार्शीला येतात, अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रतासाठी देव इथं आले अशी गावाची श्रद्धा आहे. आप्पा एका दिंडीला दरवर्षी जेवायला बोलवायचे. बोलवायचे आप्पा, आणि पहाटे तीनला उठून चुलीपुढं बसायच्या आई, आत्या आणि शेजारच्या बायका, पिठलं, भाकरी, चटणी, शंभराच्या वर पानं. गावात नाव कुणाचं, तर आप्पांचं. शाळेत शिकणारी खेड्यातली पोरं आजारी पडली की आमच्या माडीवर झोपायची, त्यांना मऊ भात कोण करून घालायचं, आईच. मला हे लग्नानंतर पहिल्याच आषाढीत खटकलं होतं आणि मी बोलले पण होते. आप्पांनी ऐकून घेतलं, लगेच काही केलं नाही. पण पुढच्या पाडव्याला नव्या वहीत पहिलं खातं आईंच्या नावानं उघडलं आणि दुकानाच्या नफ्यातला चौथा हिस्सा दर महिन्याला त्यांच्या जमेला पडायला लागला. आईंनी त्या पैशांचं पहिल्यांदा काय केलं तर मागच्या अंगणात पक्की चुलवण बांधून घेतली आणि दोन बायका दिंडीच्या दिवशी पगारी लावल्या.

पोरांचं निघालंच आहे तर सांगते. कर्मवीर जगदाळे मामांच्या संस्थेत शिकायला बार्शीत चारी बाजूच्या खेड्यांतून मुलं यायची, खोली घेऊन राहायची, हातानं शिजवायची. बापाकडं पैसा तूर निघाल्यावर येणार, तोपर्यंत पोरगं काय खाणार. आप्पा अशा पोरांना खातं द्यायचे आणि ते बापाच्या नावावर नाही, पोराच्या स्वतःच्या नावावर. सोळा वर्षांच्या पोराला समोर बसवून त्याचं पूर्ण नाव, गाव विचारून पान उघडायचं, त्याची सही घ्यायची. मग म्हणायचे, आता तू खातेदार झालास, हिशोब तुझा तू ठेवायचास, मला विचारायला येऊ नकोस. त्या पोरांची चेहऱ्यावरची कळा मी पाहिलीय. त्यातला एकही पैसे बुडवून गेला नाही असं आप्पा छातीठोक सांगायचे. मी वह्या तपासल्यात, काही बुडलेत, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आप्पा ऐंशीच्या पुढं होते, त्यांना आम्ही दुकानात येऊ दिलं नाही. तर माडीवर वही मागवली आणि फोनवरून मिस्टरांना घरं सांगायला लागले. बँडवाले आधी घ्या म्हणाले, एप्रिल-मे लग्नाचा सिझन गेला, त्यांची वर्षाची कमाई गेली, आणि ती माणसं दारात येऊन मागणार नाहीत, त्यांना रोज सूट घालून वाजवायची सवय आहे. नंतर एसटी स्टँडवरचे कुल्फीवाले, मंडपवाले, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका. रेशनचं किट सगळ्यांना सारखं द्यायचं त्यांना पटायचं नाही, कुणाकडं दोन लहान लेकरं आहेत, कुणाकडं डायबेटिसची म्हातारी आहे, त्याप्रमाणे पिशवी. आणि पिशवीत काड्यापेटी विसरायची नाही.

गेले ते झोपेतच. तेराव्यापर्यंत माणसं येत होती. त्यात एक गृहस्थ आले, गाडीतून, बाहेरगावी मोठ्या नोकरीत असलेले, मिस्टरांच्या हातात पाकीट दिलं आणि म्हणाले माझी बाकी राहिलीय, अकरावी-बारावीची, व्याजासकट आणलीय. मी वह्या काढल्या. त्यांचं पान सापडलं, सोळा वर्षांच्या हातानं केलेली वेडीवाकडी सही, बाकी एकशे बेचाळीस रुपये, आणि पुढच्या वहीत नाव नाही. आता खातंच नाही तर जमा कुठं करायचं? मिस्टर म्हणाले परत द्या, गृहस्थ ऐकेनात, डोळ्यात पाणी. आईच मधे पडल्या. म्हणाल्या, नवीन पान काढ, वर "शिकणारी पोरं" लिही आणि जमा कर. त्या पानावरून आता गावात शिकायला आलेल्या पोरींना पण धान्य जातं, सध्या पाच जणी आहेत, त्यांची त्यांची वेगळी खाती आहेत आणि सह्या त्या स्वतःच करतात. काउंटरवर क्यूआर कोड आहे, टॅली आहे, पण ही वही लाल कापडीच ठेवलीय.

तर आप्पांच्या वहीत कधीकाळी खातेदार असलेलं कुणी हे वाचत असेल तर एक विनंती आहे. पैसे द्यायला येऊ नका, तुमची बाकी आमच्याकडं निघत नाही. पण बार्शीला आलात तर दुकानात या. आई सकाळी नऊ ते अकरा गल्ल्यावर असतात, त्यांना माणसांची नावं आठवत नाहीत आताशा, पण कोण काय न्यायचं ते सांगितलं की ओळखतात.